एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

एक मूळ संख्या मी संयुक्त ठरवली. हिला सातने भाग जातो असं मी सगळ्या घरासमोर सांगितलं, आणि तो जात नव्हता. चूक एवढीच असती तर मी लिहायला बसलो नसतो. गणित शिकवणाऱ्याच्या हातून फळ्यावर आठवड्याला एखादी चूक होतेच, मुलं दाखवून देतात, आपण पुसतो आणि पुढे जातो. ही चूक मला तिसऱ्याच दिवशी कळली, आणि नंतर सात वर्षं मी ती पुसली नाही. जिचं उत्तर बरोबर होतं ती माझी वहिनी. आम्ही एकाच घरात राहतो. त्या सात वर्षांत तिच्या हातच्या किती पोळ्या माझ्या पानात पडल्या असतील, मोजवत नाही.

आमच्याकडे रविवारी संख्येची कुंडली मांडतात. हा बाबांनी लावलेला नाद. बाबा इथल्या, या हिंदी मुलखातल्या, संरक्षण फॅक्टरीत गेज तपासायच्या खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं : सुट्या भागाच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघायचं, एका टोकाने जायला हवं आणि दुसऱ्या टोकाने जायला नको. जातं किंवा जात नाही, अधलंमधलं काही नाही. निवृत्त झाल्यावर हातांना चैन पडेना, तेव्हा त्यांनी संख्या धरल्या. भाग जातो किंवा जात नाही.

विजय नगरातल्या आमच्या घरी खाली बाबा-आई आणि आम्ही, वरच्या मजल्यावर दादा-वहिनी. रविवारी सकाळी सगळे खालच्या खोलीत जमतात. पोहे वहिनीचे, खव्याची जलेबी दादा कोपऱ्यावरून आणतो. मग प्रत्येकाने एक अंक सांगायचा. बाबा, आई, दादा, माझी बायको, माझी पुतणी आणि शेवटी स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली वहिनी, असे सहा अंक ओळीने मांडले की सहा अंकी संख्या तयार. मला अंक सांगता येत नसे. मी गणिताचा माणूस, मुद्दाम सोपा अंक देईन, असा दादाचा आरोप होता. म्हणून मी पंच. मूळ की संयुक्त याचा शेवटचा निवाडा माझा.

बाबांच्या रजिस्टरमध्ये एकेका संख्येला अर्धं पान. सम की विषम, अंकांची बेरीज किती, पूर्ण वर्ग आहे का, उलटी वाचली तर तीच राहते का. मग विभाजक. तिला स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्याहून जास्त भरली तर ती 'भरलेली', कमी पडली तर 'उणी', आणि बरोब्बर तेवढीच आली तर 'पुरती'. ही नावं आईची. इतक्या वर्षांत आमच्याकडे पुरती एकदाही आली नाही. बाबा दर रविवारी तिची वाट बघतात. सहा अंकांत पुरती संख्या नाहीच, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तेही मी त्यांना सांगितलेलं नाही, पण ते गप्प राहणं मला कधी टोचलं नाही.

कॅल्क्युलेटर आणि मोबाइल बंद. जे करायचं ते हाताने आणि तोंडी. नऊची कसोटी, अकराची कसोटी, दादाच्या थापा, पुतणीचं "काका, ये तो चीटिंग है", आईचं मध्येच डुलकी घेणं. सकाळचे दोन तास कसे जात कळत नसे. मी सुखी माणूस आहे, आणि त्यातलं बरंचसं सुख त्या खोलीत आहे. म्हणूनच ती एक गोष्ट मला इतकी वर्षं त्याच खोलीत सांगता आली नाही.

त्या रविवारी अंक आले एक, शून्य, चार, सात, दोन आणि वहिनीचा नऊ. १०४७२९. अंकांची बेरीज तेवीस, म्हणजे तीन नाही, नऊ नाही. शेवटी नऊ, म्हणजे दोन नाही, पाच नाही. अकरा नाही. आमच्या तोंडी कसोट्यांचा उजेड तेवढाच, त्यापुढे अंधार. अशी अडलेली संख्या पुढच्या रविवारपर्यंत उघडी राही आणि आठवडाभरात ज्याला जमेल त्याने तिचा निकाल आणायचा. बहुतेक वेळा कुणी आणत नसे. मग मी मंगळवार-बुधवारी कधीतरी कागदावर सोडवून टाकत असे.

या वेळी वहिनीने आणला.

वहिनी वर्ध्याकडची. बारावीपर्यंत विज्ञान शिकली, मग लग्न. घरी ब्लाउज शिवते, आणि कॉलनीतल्या बायका सांगतात की तिचं माप चुकत नाही. छातीचा चौथा भाग, त्यात शिलाईचे, त्यातून बाहीचे, हे सगळं ती दातात टाचणी धरून मनात करायची. त्या आठवड्यात तिने ब्लाउजच्या पॅटर्नचे जुने खाकी कागद पालथे केले आणि त्यांवर भागाकार मांडले. आधी वर्गमूळ काढलं : तीनशे तेवीस आणि वर थोडं. म्हणजे तीनशे तेवीसच्या आतल्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघितलं की पुरे, त्यापुढे जायची गरज नाही. अशा संख्या सहासष्ट. दोन, तीन, पाच तोंडी, उरलेले सगळे मांडून. बाहीच्या गोलाईत तेरा, गळ्याच्या खोलगटात एकोणीस. एकालाही भाग गेला नव्हता.

शिवाय तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. तीनशे तेवीसचा वर्ग वजा केला की उरतात चारशे, आणि चारशे म्हणजे विसाचा वर्ग. म्हणजे ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे. बाबांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "बाकीसुद्धा वर्गच निघाली. वा." बाबांच्या तोंडून असा वा मी एम.एस्सी. झालो त्या दिवशी ऐकला होता. त्यानंतर नाही.

इथे मला खरं लिहिलं पाहिजे. मला ते आवडलं नाही. वहिनीचा राग नव्हता, कधीच नव्हता. पण समोर एवढे भागाकार पसरलेले होते आणि पंच मी होतो. वहिनी जे आठवडाभर करत बसली ते मी एका ओळीत करू शकतो, हे मला दाखवायचं होतं. सातसाठी एक कसोटी आहे. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि त्यांची वजाबाकी करायची. उत्तराला सातने भाग गेला तर संख्येलाही जातो. वजाबाकीऐवजी बेरीज केली तर ती कसोटी सदतीसची होते, सातची नव्हे. हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. त्या दिवशी मी बेरीज केली. एकशे चार आणि सातशे एकोणतीस, आठशे तेहतीस. सात एकशे एकोणीस आठशे तेहतीस. मी टिचकी वाजवली आणि म्हणालो, सातने जातो, संयुक्त.

वहिनी गोंधळली. आपल्या कागदावरचा सातचा भागाकार शोधत म्हणाली की माझ्याकडे तर जात नाही. तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"वहिनी, कसोटी चुकत नसते. भागाकार चुकतो."

दादा हसला. म्हणाला, मॅडमची गाडी सातच्या पाढ्यातच घसरली, सहासष्ट स्टेशनं उगीच केली. सगळे हसले, वहिनीही हसली. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नागपूरचे पाहुणे आले होते आणि त्यांना घेऊन आम्हाला भेडाघाटला जायचं होतं. बाबांनी घाईघाईत लाल पेनाने 'संयुक्त' लिहिलं, पुढे 'सात गुणिले' लिहिलं, आणि दुसरा विभाजक नंतर टाकू म्हणून जागा सोडून रजिस्टर मिटलं. ती जागा पुढे कुणी भरली नाही. संयुक्त ठरलेल्या संख्येत बाबांना गोडी राहत नसे. नावेत मी पाहुण्यांना संगमरवरी कडे दाखवत होतो, मजेत होतो. वहिनी माझ्यामागे बसली होती. ती काय करत होती, मी पाहिलं नाही.

मंगळवारी वर्गात हीच कसोटी शिकवायची पाळी आली. उदाहरण म्हणून मला घरचीच संख्या आठवली. फळ्यावर गट पाडले, आणि मुलांसमोर अर्थातच वजाबाकी लिहिली, सातशे एकोणतीस वजा एकशे चार, कारण तशीच ती लिहायची असते. सहाशे पंचवीस. मी खडू धरून तसाच उभा राहिलो. सहाशे पंचवीसला सातने भाग जात नाही, हे पहिल्या बाकावरच्या मुलीने सांगितलं. मी म्हणालो, शाबास, आणि फळा पुसला.

त्या संध्याकाळी घरी जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. मी ठरवलं होतं की पायरीवरच सांगून टाकू. पण दारात दादा भेटला, रिछाईच्या त्याच्या कारखान्यातून नुकताच आला होता. म्हणाला, प्रोफेसर, आज कुठल्या संख्येचा निकाल लावला. मी हसलो आणि आत गेलो. म्हटलं, रविवारी सांगू.

रविवारी वहिनी बसली नाही. पोह्यांचं भांडं ठेवून म्हणाली की दोन ब्लाउज द्यायचे आहेत, चालू द्या तुमचं. तिचा शेवटचा अंकही माझ्या बायकोनेच दिला. पुढच्या रविवारीही तसंच. मग तीच रीत पडली. वहिनी दारात उभी राहून ऐकायची, कुणी बोलावलं तर म्हणायची, "मी ऐकून राहिली ना इथून." कुणाला यात विशेष वाटलं नाही. ती नाराज दिसत नव्हती, आधीसारखीच बोलायची, चिडवायची. पण मला एक गोष्ट दिसत होती जी दुसऱ्या कुणाला दिसायचं कारण नव्हतं. मापं घेताना ती आता पुतणीला हाक मारायची. चौतीसचा चौथा भाग मोबाइलवर करून सांग गं. पुतणी सांगायची, साडेआठ. वहिनी ते खडूने कापडावर लिहायची आणि पुन्हा विचारायची, नक्की ना.

साडेआठ. ते तिला झोपेत येत होतं.

मी सांगायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही, पण ते प्रयत्न म्हणायच्या लायकीचे नव्हते. एकदा गच्चीवर ती पापड वाळत घालत होती, मी बाजूला जाऊन उभा राहिलो, आणि पापड उडदाचे का मुगाचे ते विचारून खाली आलो. एका दिवाळीला मी तिला चांगली मोजपट्टी आणून दिली, शिंप्यांची, दोन्ही बाजूंनी आकडे असलेली. ती इतकी खूश झाली की मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. मनाशी मी म्हणायचो की ती विसरली असेल, एका आकड्यासाठी कोण एवढं लक्षात ठेवतं. मी मात्र विसरलो नव्हतो. रस्त्यात एखाद्या गाडीच्या पाटीवर १०४ दिसलं तरी पुढचं मनात पुरं व्हायचं.

त्यात कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी कोष्टकं चाळताना एकदा मूळ संख्यांची ओळीने क्रमांक दिलेली यादी सापडली. दोन ही पहिली, तीन दुसरी, पाच तिसरी, असं करत करत. मी पानं उलटत आमच्या संख्येपर्यंत गेलो. १०४७२९ समोर क्रमांक होता दहा हजार. बरोब्बर दहा हजारावी मूळ संख्या. आणि वहिनीने शोधलेली ती दोन वर्गांची बेरीज : ज्या मूळ संख्येला चारने भागून बाकी एक उरते ती दोन वर्गांत फक्त एकाच तऱ्हेने फुटते, दुसरी तऱ्हा नसतेच. वहिनीने ती एकमेव तऱ्हा वर्गमूळ काढताना सहज उचलली होती. बाबांच्या सगळ्या रजिस्टरमध्ये याहून सुंदर कुंडली नव्हती आणि ती लाल पेनाखाली पडून होती. मी यादी मिटून जागेवर ठेवली. इतकं चांगलं काही कळावं आणि ते कुणाला सांगता येऊ नये, ही शिक्षा मला बरोबर वाटली. शिक्षा भोगतो आहे म्हणजे फेड होते आहे, असंही थोडं वाटलं. ते खोटं होतं, कारण त्यातलं काहीच वहिनीपर्यंत पोचत नव्हतं.

या हिवाळ्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिलं काय मागितलं तर रजिस्टर. उघडलं तर कसर लागलेली, कडा भुगा झालेल्या. बाबा म्हणाले की सगळं नव्या रजिस्टरमध्ये उतरवून काढायचं. मी वाचायचं, कारण माझा आवाज वर्गातला, आणि लिहायचं वहिनीने, कारण घरात तिच्यासारखं अक्षर कुणाचं नाही. वहिनी नको म्हणत होती. बाबा म्हणाले, "बेटा, गणित नाही करायचं, नुसतं उतरवायचं." ती लगेच तयार झाली. ते वाक्य मला कापून गेलं.

तीन रविवार आम्ही उतरवत होतो. चांगले रविवार होते. जुन्या संख्यांबरोबर जुन्या गोष्टी निघायच्या, ही आली तेव्हा पुतणीला कांजिण्या होत्या, हिच्या वेळी दादाने जलेबी पाडली होती. आई ऐकून ऐकून हसायची. वहिनी इतक्या वर्षांनी त्या खोलीत बसली होती, मांडीवर पाट घेऊन, आणि एकेक ओळ रांगोळीसारखी काढत होती. मी मात्र पुढची पानं मोजत होतो. अकरा राहिली. सात राहिली. मधलं एक पान चिकटलं म्हणून दोन पानं एकदम उलटली तर कुणाला कळणार होतं, हाही विचार येऊन गेला. तोही लिहून ठेवतो.

तिसऱ्या रविवारी ते पान आलं. मी वाचलं. एक लाख चार हजार सातशे एकोणतीस. विषम. अंकांची बेरीज तेवीस. दोन वर्गांची बेरीज, तीनशे तेवीस आणि वीस. वहिनी लिहीत होती, मान वर न करता. संयुक्त, मी वाचलं. तिने लिहिलं. सात गुणिले. तिने तेही लिहिलं आणि थांबली.

"सात गुणिले किती, भाऊजी?"

मी म्हणालो की पुढे कोरं आहे.

"मग काढून सांगा ना. अर्धवट काहून ठेवायचं."

"काढ, काढ," दादा म्हणाला, "सात तर आहे. तुझ्या डाव्या हातचा मळ."

तिच्या अक्षरात ते खोटे शब्द वाळत होते. शाई अजून ओली होती. मी रजिस्टर खाली ठेवलं आणि म्हणालो, "सातने भाग जात नाही, वहिनी. तेव्हाही जात नव्हता. ती मूळ आहे."

मग मी सगळं सांगितलं, कसोटी कुठली आणि मी कुठली केली, वजाबाकी आणि बेरीज. दहा हजारावी असल्याचंही सांगितलं. बाबांनी विचारलं, मोजून? मी म्हटलं, मोजून. बाबांनी पहिल्यांदाच मोबाइलला परवानगी दिली. पुतणीने बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, सही में आहे. पूरे दस हजार." बाबांचा चेहरा असा खुलला की क्षणभर मला वाटलं, एवढ्यावरच भागलं.

वहिनीने पेनाला टोपण लावलं. म्हणाली, "भेडाघाटहून आल्यावर मी पुन्हा भाग दिला होता. तीनदा. तिन्ही वेळा बाकी दोन. मग मला वाटलं, आपल्याला भागाकारच येत नसंन." हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. हवा-पाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

आत्ता वाचताना कळलं, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मानलंही असतं, दादाने थट्टा केली असती, जलेबीवर विषय संपला असता.

"त्याच मंगळवारी," मी म्हणालो.

दादाने हातातली जलेबी ताटलीत ठेवली. मी बाबांकडे बघितलं, का ते माहीत नाही, बहुधा तेच काही बोलतील म्हणून. बाबा म्हणाले, "माझ्याकडे काय पाहून राहिला. तिच्याकडे पाह."

मी वहिनीकडे वळलो.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमचा एकही भागाकार चुकला नव्हता. चुकलो मी, आणि कळल्यावर माझी शान जाईल म्हणून गप्प बसलो. तुम्ही साडेआठसाठी पोरीला विचारत होत्या ते मी रोज ऐकत होतो, तरी गप्प बसलो. माझं फार चुकलं. मला माफ करा."